थोरलीच्या मापाचा फ्रॉक

कॅनडात आमच्या घराजवळ जो मॉल होता तो मला बघवायचा नाही. तरी दर शनिवारी मी तिथंच. दुसरीकडं जाणार कुठं? बाहेर गुडघाभर बर्फ, घरात दोन पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटतायत, आणि यांना शनिवारीसुद्धा कारखान्यात ड्यूटी. कामावर जाताना हे आम्हाला मॉलच्या दारात सोडायचे आणि संध्याकाळी येऊन घेऊन जायचे. मुलगा सहा वर्षांचा, धाकटी तीनची. सरकत्या जिन्यानं वर जायचं, खाली यायचं, परत वर. दुपारी कारंज्याच्या कट्ट्यावर बसून डब्यातली चपाती खायची, तीही पदराआड धरून, कारण लोणच्याचा वास सुटला की शेजारची माणसं उठून जायची. कसली मेली ती मजा!

आणि माझी थोरली तिकडं कुंडलला होती, माझ्या सासरी.

आमचे परदेशाचे कागद झाले तेव्हा ती चार वर्षांची होती. तपासणीत तिच्या छातीच्या फोटोत डाग निघाला. औषधोपचार करा, बरी झाली की आणा, असं सांगण्यात आलं. यांची नोकरी काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. थोरल्या जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. त्या म्हणाल्या, "तू जा गं बिनघोर. पोर माज्याजवळ हाय. सा म्हैन्यांत धडधाकट करून देते." त्यांनी शब्द पाळला. पोर बरी झाली, पण तोवर यांची नोकरी गेली. दुसरी लागली तर माझं बाळंतपण आलं. ते आटपलं तर कागद अडले. सहा महिने म्हणता म्हणता चार वर्षं गेली. माणसाच्या आयुष्यात असं काय काय अडतं, पण पोर वाढायची काही अडत नाही.

गावाकडं कुणी जाणारं भेटलं की मी तिच्यासाठी फ्रॉक पाठवायची. पण माप कशाचं धरणार? माझ्या डोळ्यांपुढं ती चार वर्षांचीच. सांगलीला कापडपेठेत काय करतात? आपली पोर बरोबर नसली तर दुकानात जी असेल तिला हाक मारायची, "इकडं ये गं बाळ, जरा पाठमोरी हो," आणि फ्रॉक तिच्या पाठीला लावून बघायचा. तिची आईच वर सांगते, "आवं, हिच्यापरीस बोटभर लांब घ्या, वाढतं अंग हाय." साताऱ्याला माहेरी माझ्याही पाठीला असे कुणाकुणाच्या पोरींचे फ्रॉक लागले असतील, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

अशाच एका शनिवारी मॉलमध्ये निळा फ्रॉक हातात होता आणि समोर एक आठेक वर्षांची पोरगी उभी होती. दोन वेण्या, मान जराशी वाकडी. माझीही आता एवढीच असेल, असं मनात आलं आणि मी तिला खांद्याला धरून हळूच पाठमोरी केली. फ्रॉक लावला. खांद्याला बरोबर बसत होता! मी हसले बिसले असेन. तेवढ्यात तिच्या आईनं किंकाळी फोडली. माझ्या मुलीला हात कसा लावलास, कोण तू, असं काहीबाही. पोरगी रडायला लागली. वर्दीवाला रखवालदार आला. मला सांगता येईना. माप, मुलगी, इंडिया, एवढे तीनच शब्द तोंडातून निघत होते आणि ते ऐकून तो आणखीच संशयानं बघत होता. मी वळून मुलाकडं पाहिलं. तो खेळण्यांच्या काचेला नाक लावून उभा होता, जणू ही बाई त्याची कुणी लागतच नाही. धाकटीनं मात्र माझी साडी घट्ट धरलेली. फ्रॉकचे पैसे देऊन मी बाहेर आले आणि बर्फात उभी राहून ढसाढसा रडले.

पुढच्या उन्हाळ्यात एकदाचे थोरलीचे कागद आले. तिला न्यायलाच आम्ही कुंडलला गेलो. ती दारात जाऊबाईंच्या मागं उभी होती. उंच, काळीसावळी, अंगात गावच्या शिंप्यानं शिवलेलं परकर-पोलकं. मी जवळ घेतलं तर लाकडासारखी ताठ झाली.

"फ्रॉक कुठायत गं तुझे?" मी विचारलं.

जाऊबाईंनी ट्रंक उघडली. सगळे घडी घातलेले, डांबरगोळ्या ठेवून जपलेले. "लय भारी कापड बाई," त्या म्हणाल्या. "वाढत्या अंगाचं हाय, हुतील फुडं, म्हनून ठिवलं." मी निळा काढून थोरलीला घालायला गेले. दंडातच अडकला. बाकीचे तर त्याहून लहान. जाऊबाई कपाळाला हात लावून खाली बसल्या. "आगं, ध्येनातच आलं न्हाई," म्हणाल्या. "ही कवा वाढली?" त्या रोज तिच्या वेण्या घालत होत्या आणि त्यांना कळलं नव्हतं. मग मी कुठल्या तोंडानं रागवणार?

न्यायला त्या आडव्या आल्या नाहीत. "न्हे. तुजीच हाय," एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. थोरली माझ्याशी बोलायची नाही. आठ दिवस झाले तरी तिनं मला कशानंच हाक मारली नव्हती.

जायच्या आधी तिला थंडीचे कपडे घ्यावेत म्हणून आम्ही सांगलीला निघालो. जाऊबाई असल्याशिवाय ती एसटीत चढेना, म्हणून त्याही आल्या. दुकानात गादीवर मी माझी दोन्ही पोरं घेऊन बसले. थोरली जाऊबाईंना चिकटून, त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून.

मी जाड लोकरीचा स्वेटर मागितला. "हिच्यासाठी," म्हणून तिच्याकडं बोट केलं.

ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "मला नगो, काकी."

घरातली दुसऱ्या दिरांची पोरं मला काकीच म्हणायची. ती त्यांच्यातच वाढली होती.

दुकानदार हसला. "घे की बाळ, काकी एवढ्या मायेनं घेत्यात." मग माझ्याकडं वळला. "पुतणीला लाल रंग उठून दिसंल. लालच दाखवू?"

जाऊबाई चपापल्या. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या मनगटाभोवती थोरलीची बोटं पांढरी पडली होती. मी त्यांना बोलू दिलं नाही.

"स्वेटर राहू द्या," मी म्हणाले. "इथल्या उन्हात घालता येईल असा सुती फ्रॉक दाखवा माझ्या पुतणीला."