पातळी चढली नाही

विज्ञानात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला सर्वोच्च मान असतो. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस तेवढा वगळायचा.

आज वारज्याच्या घरी कुकर उघडताच उकडलेल्या बटाट्यांचा मातकट वास आला आणि मी मनाने थेट सदाशिव पेठेतल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले. सोललेला बटाटा कोरून खळग्यात साखरेचं पाणी भरायचं आणि तो साध्या पाण्यात ठेवायचा. जिवंत पेशींच्या पडद्यांतून पाणी आत शिरतं आणि खळग्यातली पातळी चढते. माझी चढेना. बटाटा बोटाखाली पिठूळ लागत होता.

"सर, हा उकडलेला आहे. पेशी मेल्यात, पडदे कामातून गेलेत."

बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो बाई, बाकी सगळ्यांची पातळी चढलीय. आपलाच बटाटा विशेष का?"

"त्यांची कागदावर चढलीय, सर."

"नापास व्हायचंय?"

मी लिहिलं, 'पातळी चढली नाही', आणि खाली रेघ मारली. पट्टी न घेतल्याने ती वाकडी आली. आजही मारेन, वाकडी तर वाकडी.

निरीक्षणाला शून्य मिळालं. दुपारी परीक्षकांना पुरी लोणच्याबरोबर खावी लागली, कारण कँटीनचे भाजीसाठी उकडलेले बटाटे सकाळी प्रयोगशाळेत गेले होते.