बोंडाभोवतीची सावली

यासीनचाचा गेल्याची बातमी आगगाडीनं आली. अकोल्याहून आलेल्या एका हमालानं ती सांगितली, आणि मी अमरावतीतलं गाठी दाबायचं यंत्र तसंच सोडून बडनेऱ्याच्या स्टेशनाकडे धावलो. बैलगाडीचे दिवस असते तर त्यांच्या कबरीवर मूठभर मातीही माझ्या हातून पडली नसती. आज त्याला महिना झाला... पण या आगगाडीचं जेवढं कौतुक चाचांना होतं तेवढं उभ्या वऱ्हाडात कुणाला नव्हतं, हे मला अजून साऱ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

चाचा अकोल्याचे चितारी, हैदराबादेत उस्तादाजवळ बारा वर्षं शिकून आलेले. अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस अडकला, आपला कापूस विलायतेला जाऊ लागला आणि जो तो गाठी बांधण्यात गुंतला. तेव्हा हे गृहस्थ आपल्या पडवीत चौघांना चित्रं काढायला शिकवत बसलेले. त्या चौघांत मी एक. पहिलं इंजिन अकोल्यात आलं त्या दिवशी लोक नारळ फोडत होते, बायका डोळे मिटून हात जोडत होत्या, आणि चाचा रुळांशेजारी मांडी घालून कागदावर धूर काढत होते. "धूर काळा नाई रे बाबू, पाहून तं घे. जांभळा हाय, खालून पिवळा हाय." मी पाहिलं. खरोखरच होता!

मग त्यांनी मला कापसाचं बोंड काढायला बसवलं. कागद पांढरा, बोंड पांढरं, आणि पांढरा रंग वापरायचा नाही. भोवतीची सावली तेवढी रंगवायची, बोंड आपोआप उमटेल म्हणे. चार महिने तेच एक बोंड! मी चिडायचो, कागद चुरगाळायचो. पण हळूहळू काय काय दिसू लागलं... सकाळच्या रुईत निळसर छटा, जुन्या रुईत पिवळसर, दमट रुईत राखेसारखी.

माझे थोरले भाऊ अमरावतीत गाठी दाबायच्या वाफेच्या यंत्रावर मुकादम. चित्रांचा नाद सोडून यंत्र शिक, हा त्यांचा रोजचा धोशा. एकदा त्यांच्याकडे गेलो असताना दारात रुईची गाडी उभी होती. हात न लावता मी म्हणालो, ही ओली आहे. उलगडली तर आत वजन वाढवायला पाणी मारलेलं! भाऊंनी मला जवळजवळ उचललंच. मी धावतपळत अकोल्याला आलो. चित्रकला अखेर कामी आली, हे चाचांना कधी सांगतो असं झालं होतं.

रंग घोटता घोटता चाचांचा हात थांबला. "कामी येते म्हनून शिकून राहिला काय तू? मंग यंत्रच शिक. ते जास्त कामी येते."

मला राग आला. मी भाऊंकडे यंत्रावर गेलो आणि वर्षभर अकोल्याकडे फिरकलो नाही. दिवसभर रुई पाहायचो. ओली की कोरडी, एवढंच. निळसर, पिवळसर काही दिसेनासं झालं, आणि त्याची मला भीती वाटू लागली होती. तरी जायला पाय उचलला नाही, हे माझं चुकलंच.

माती देऊन पडवीत आलो. माझी चटई अंथरलेली, करवंटीत पाणी, आणि माझं अर्धवट बोंड भिंतीला टाचलेलं. चाची म्हणाल्या, "रोज तुयी जागा झाडून ठेवाले लावत मले. म्हनत, येते तो." मला तिथंच रडू कोसळलं. मग मांडी घातली आणि कुंचला भिजवला.

आता दर गुरुवारी मी अकोल्याची गाडी धरतो. भाऊ विचारतात, "काहून जातं तू? काय भेटते तुले तिथं?" मी कुंचला पिशवीत टाकून स्टेशनाकडे निघतो. बोंड कोरंच आहे, पण भोवतीची सावली भरत आली आहे.