काळं वासरू की तांबडं

माझी नणंद मंद्रूपला असते. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, डावखुरी, आणि आवाज असा की तिनं शेताच्या या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरची म्हैस मान वर करते. घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणते. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी एका शाळेच्या ऑफिसात आहे आणि आमचे हे मागच्याच वर्षी रिटायर झालेत. अक्कांचं आणि माझं तसं बरं होतं, पण ते सणावारापुरतं. साड्या, लोणची, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, एवढंच बोलणं. बंदुकीचं बोलणं सुरू झालं ते गड्ड्याच्या यात्रेत.

तिथं फुगे फोडायचा स्टॉल होता. आधी ह्यांनी बंदूक घेतली. दहा छर्ऱ्यांत एक फुगा फुटला, आणि तोही शेजारच्या माणसाच्या नेमानं फुटला असं स्टॉलवाला म्हणाला. मग मी घेतली. माझे सात फुटले. अक्कांनी पदर कमरेला खोचला, बंदूक डाव्या खांद्याला लावली आणि तोंडातल्या तोंडात कानडीत मोजायला लागल्या. "ओंद, एरड, मूर..." मूर म्हटलं की फुगा फुटायचा. नऊ फुटले. दहावा फुगा आपणहून फुटला, त्यामुळे तो कुणाच्या नावावर घालायचा यावर वाद झाला. त्यांनी दुसऱ्या दहाची मागणी केली तेव्हा स्टॉलवाला हात जोडून म्हणाला, "मावशी, बास की आता. फुगवायला बी मानूस लागतं."

परत येताना रिक्षात अक्का एकदम म्हणाल्या, "वैनी, आपन दोघीत एक घ्यायची काय गं?"

मला वाटलं रिक्षा म्हणतात. म्हटलं, "चालवणार कोण?"

"बंदूक गं! हवेची. रानात रविवारी डबे लावायचे आन् उडवायचे. जित्राबावर मातर न्हाय धरायची, पाखरावर बी न्हाय. नुसते डबे."

ह्यांनी पुढच्या सीटवरून मागं वळून बघितलं. त्यांचा चेहरा बघूनच मी हो म्हणाले.

दुकान शहरात होतं. क्रिकेटच्या बॅटी, कॅरमबोर्ड आणि मागच्या बाजूला एअर रायफली. दुकानदार फार सज्जन माणूस. दोन बायका एकट्या आल्यात म्हणून त्यानं आधी बॅडमिंटनच्या रॅकेट काढल्या. अक्कांनी त्या बाजूला सारल्या आणि भिंतीवरच्या सगळ्यात लांब रायफलीकडं बोट केलं. ती खोक्यासकट माझ्या स्कूटरवर कशी न्यायची ते बघायला आम्ही खोकं बाहेर आणलं. पायापाशी आडवं ठेवलं तर दोन्ही बाजूंनी इतकं बाहेर आलं की एका बाजूनं भाजीची गाडी आणि दुसऱ्या बाजूनं एक सायकलवाला अडकला. उभं धरलं तर मागं बसलेल्या अक्का छबिन्याचं निशाण घेऊन निघाल्यासारख्या दिसायला लागल्या. लोक थांबून बघायला लागले.

"मावशी, तुम्हाला बुलपप लागंल," दुकानदार म्हणाला.

"ते काय असतं?"

"आखूड असती. नळी तेवढीच, पण अंग आखूड." आणि समोरच्या रिक्षाकडं हात करून त्यानं समजावलं. टेम्पोचं इंजिन पुढं असतं म्हणून त्याचं नाक लांब. रिक्षाचं इंजिन मागं, गिऱ्हाईकाच्या बुडाखाली, म्हणून पुढं काही नाहीच. तसंच ह्या रायफलीत सगळी यंत्रणा चापाच्या मागं, गालापाशी असते. त्यामुळं मूळ नळी पूर्ण लांब राहते आणि रायफल मात्र काखेत मावते.

घरी हे सांगितलं तर हे म्हणाले, "बुल म्हणजे बैल. पप म्हणजे पिल्लू. बैलाचं पिल्लू म्हणजे वासरू." आणि स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांना ते पटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात रायफल हा शब्द बंद झाला.

दुकानात दोन वासरं होती. एक काळं, प्लास्टिकच्या दस्त्याचं, वजनदार. दुसरं तांबड्या लाकडाचं, हलकं, दिसायला देखणं. काळ्याचा छर्रा आत सरकवायचा लिव्हर पुढं, चापाच्या वरच्या अंगाला होता. तांबड्याचा अगदी मागं, उजव्या बाजूला. काळ्याचा चाप जरा सुस्त होता. ओढला की मधे एक जांभई देऊन मग ठक्क व्हायचं. तांबड्याचा चाप एकदम हुशार. दुकानदारानं दोन्हींचे रंगीत कागद दिले आणि म्हणाला, घरी विचार करा. ही त्याची चूक झाली, कारण आमच्या घरात विचार करायला रिटायर माणूस होता.

ह्यांनी त्या कागदांवरून मापं काढली. बाजारातून पीव्हीसी पाईप आणले, करवतीनं कापले, पुठ्ठ्याचे दस्ते केले. वजन बरोबर यावं म्हणून जुन्या मोज्यांत ज्वारी भरून ते मोजे पाईपला बांधले. काळ्याला दोन मोजे, तांबड्याला एक. चापाच्या जागी कपड्यांचा चिमटा लावला. मग आम्ही दोघी रोज संध्याकाळी ती पाईपं घेऊन घरात फिरायला लागलो. अक्का मुद्दाम चार दिवस राहायला आल्या होत्या. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये वळताना कोपरा लागतो का, दिवाणवर गुडघ्यावर बसून मिक्सरवर नेम धरता येतो का, उभ्यानं पंख्यापर्यंत हात स्थिर राहतो का, हे सगळं तपासलं. तिसऱ्या दिवशी काळ्याचा एक मोजा फाटला आणि दिवाणखालून आजही अधूनमधून ज्वारी निघते.

आमचा फ्लॅट नंबर तीनशे दोन. त्यावरून सोसायटीत आधीच विनोद चालतात. त्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी खिडकीतून बघितलं आणि सेक्रेटरींना फोन केला. सेक्रेटरी आले तेव्हा अक्का दिवाणवर एक गुडघा टेकून, डावा डोळा उघडा ठेवून त्यांच्यावरच नेम धरून होत्या, कारण ते नेमके दारात उभे राहिले होते.

"काय चाललंय हे?" ते म्हणाले.

"काही नाही, वासरू निवडतोय," हे म्हणाले.

"सोसायटीत जनावरं पाळायला परवानगी नाही," सेक्रेटरी म्हणाले. मग त्यांना सगळं समजावून सांगितलं, चहा दिला. ते पाण्याच्या लाईनीची कामं घेतात, त्यामुळं त्यांचं लक्ष पाईपांवरच होतं. "हा एल्बो चुकीचा लावलाय," ते म्हणाले, "इथं पंचेचाळीसचा लागतो." मग त्यांनी काळं वासरू उचललं, खांद्याला लावलं आणि बाल्कनीत जाऊन समोरच्या बिल्डिंगकडं नेम धरला. त्या बाईंनी लगेच पडदा ओढला. त्यानंतर तक्रार आली नाही.

इथवर सगळी मजा होती. खरी पंचाईत पुढं झाली. माझा उजवा खांदा गेले वर्षभर धरलेला. हात वर जायचा नाही, केस बांधायलासुद्धा त्रास. त्यामुळं मला तांबडं सोपं होतं. अक्का डावखुऱ्या. डावखुऱ्या माणसानं रायफल डाव्या खांद्याला लावली की डावा गाल दस्त्याच्या उजव्या अंगाला टेकतो, आणि तांबड्याचा लिव्हर नेमका तिथंच. म्हणून त्यांना काळं सोयीचं. मी म्हटलं, काळं घेऊ. अक्का म्हणाल्या, तांबडं घेऊ.

"तुमच्या गालाला लागेल की, अक्का."

"आन् तुझा खांदा? तो काय माज्या दारात टाकायचा?"

"माझं मी बघेन."

"माजं बी मी बघीन! माज्या गालाची तुला कशाला पडलीया?"

दुसरीच्या भल्यासाठी इतकं कडू बोलणं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. अक्का पिशवी भरून मंद्रूपला गेल्या आणि दोन दिवस फोन केला नाही. मीही केला नाही. हे मधल्या मधे अक्कांना फोन करायचे, मला घरात विचारायचे आणि दोघींकडून एकच ऐकायचे, की तिला समजत नाही. तिसऱ्या दिवशी मला सारखा त्यांचा "ओंद, एरड, मूर" आठवायला लागला. शाळेत दाखले टाईप करताना मी मूर म्हणून एंटर दाबला आणि शेजारच्या मॅडमनी विचारलं, "कानडी शिकताय का?" संध्याकाळी मीच फोन केला.

"अक्का, दुकानातच जाऊ. दोन्ही मारून बघू. जे होईल ते."

"मी पिशवी भरूनच बसलीय," त्या म्हणाल्या.

दुकानाच्या मागं लांबट खोली होती, शेवटाला मातीची पोती रचून त्यावर कागदाचं चक्र लावलेलं. दुकानदारानं आधी तांबडं दिलं, रिकामं, छर्रा न घालता, नुसता लिव्हर ओढून बघायला. अक्कांनी त्या दिवशी कानात वेल घातले होते, सोन्याची ती साखळी कानापासून केसांपर्यंत जाते ना, ते. शहरात जायचं म्हणून खास. त्यांनी गाल टेकवला, हात मागं नेऊन लिव्हर ओढला, सोडला, आणि मान वर करायला गेल्या तर मान वर येईना. वेलाची साखळी लिव्हरच्या खाचेत गेली होती.

"वैनी," त्या अजिबात न हलता म्हणाल्या, "वासरानं धरलं मला."

दुकानदार घाबरला. रायफल रिकामी होती तरी त्यानं नळीचं तोंड भिंतीकडं करून धरलं आणि अक्कांना तिच्याबरोबर गोल फिरावं लागलं. मी साखळी ओढली तर अक्का ओरडल्या. लिव्हर ढकलला तर साखळी आणखी आत गेली. तेवढ्यात दुकानात सांगितलेला चहा आला. अक्का म्हणाल्या, "आदी चा घ्या, निवल." आणि खरंच, एका हातानं कानाशी रायफल धरून दुसऱ्या हातानं बशीतून चहा प्यायल्या. बाहेर कॅरमबोर्ड घ्यायला आलेलं एक जोडपं आत डोकावलं. नवऱ्यानं बायकोला हळूच सांगितलं, "फोनवर बोलतायत."

शेवटी मी माझ्या केसातली पिन काढली, ती खाचेत घालून साखळी उचलली आणि वेल सुटला. कान लाल झाला होता. मी फुंकर घातली. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मी त्यांच्याकडं, आणि मग आम्हाला जे हसू आलं ते खाली पोत्यावर बसेपर्यंत थांबलं नाही. दुकानदार उभा राहून पुनःपुन्हा म्हणत होता, "सॉरी मावशी, सॉरी ताई."

"काळं दे बाबा," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "हे चावतंय."

काळं मी खांद्याला लावलं. गंमत म्हणजे ते जड होतं तरी त्याचं सगळं ओझं मागं, खांद्याच्या खळीतच बसायचं, पुढं लोंबायचं नाही. मोज्यांतली ज्वारी ह्यांनी पाईपच्या मधोमध बांधली होती, म्हणून घरी ते कळलंच नव्हतं. मी पाच छर्रे मारले. चक्राला दोन लागले, तीन पोत्याला. अक्कांचे पाचही चक्राला. आम्ही ओळखपत्रं दाखवली, कागदांवर सह्या केल्या आणि काळं वासरू पिशवीत घालून स्कूटरवर मधे ठेवून घरी आणलं. रस्त्यात कुणाला कळलंसुद्धा नाही.

पंपाचं मात्र दुकानदारानं शेवटी, आम्ही निघताना सांगितलं. रायफलीच्या टाकीत हवा आधी पंपानं भरून ठेवायची. आम्हाला वाटलं सायकलसारखा पंप असेल. पहिल्या संध्याकाळी ह्यांनी पंधरा दांडे मारले आणि सोफ्यावर आडवे झाले. मी दहा मारले. सेक्रेटरी सहज आले होते, त्यांनी वीस मारले आणि त्यांचा शर्ट भिजला. काटा जेमतेम हलला होता. मग अक्का उठल्या. "हा तर हापसाच हाय की," म्हणाल्या आणि बोलत बोलत, शेजारणीच्या सुनेची सगळी हकिकत सांगत, टाकी भरून मोकळ्या झाल्या. तरी रोज थोडं मीही करायला लागले. फिजिओथेरपीच्या बाईंनी महिन्याभरानं माझा हात वर नेला आणि विचारलं, कोणता व्यायाम करता? मी म्हटलं, "घरचाच." पुढचं सांगितलं नाही.

पहिल्या रविवारी आम्ही मंद्रूपला गेलो. विहिरीच्या कामाचा मातीचा मोठा ढिगारा रानात पडून होता. त्याच्यापुढं दोरी बांधून अक्कांनी जुन्या डब्यांची पाच झाकणं ओळीनं लटकवली होती. दाजी, म्हणजे अक्कांचे यजमान, लांब मागं खाटेवर बसून बघत होते. त्यांनी कानात कापूस घातला होता. आवाजासाठी नाही, आमच्या बोलण्यासाठी, असं ते म्हणाले.

पहिला मान अक्कांनी मला दिला. मी छर्रा घातला, लिव्हर ढकलला, वासराच्या पाठीवरच्या दुर्बिणीतून बघितलं. सगळा अंधार.

"अक्का, काहीच दिसत नाही."

"टोपन काढ आदी."

टोपण काढलं. नेम धरला. वारा होता, झाकणं हलत होती. चापानं आपली जांभई दिली, ठक्क झालं, आणि चौथं झाकण 'टण्ण' करून गोल फिरलं.

"अगं चवथं! येवढं लांबचं!" अक्का ओरडल्या. दाजींनी एका कानातला कापूस काढला. शेजारच्या रानातल्या बायका खुरपी टाकून बांधावर आल्या आणि अक्का त्यांना सांगायला लागल्या, "आमची वैनी हाय. खांदा धरलाय तिचा, तरी बगा."

मी मान खाली घालून दुसरा छर्रा घातला. मी दुसऱ्या झाकणावर नेम धरला होता, हे मी अक्कांना अजून सांगितलेलं नाही.