सोनबाजीचा पाय आणि माझा धीर

गिरणीत काम करणाऱ्याच्या अंगावर कापसाचा भुरा साठतो आणि डोक्यात किस्से. भुरा आंघोळीला निघून जातो, किस्से निघत नाहीत. त्यातल्या बहुतेकांत गाढव मीच असतो, म्हणून ते मला जास्तच पाठ आहेत! हे सगळे पुलगावचे, आमच्या सोनबाजीनं खाट धरली त्या वर्षीचे.

सोनबाजी आमच्या गिरणीत मागांवरचा जॉबर, म्हणजे मुकादम, राहणारा नाचणगावचा. पावसाळ्याआधी छपराचे फुटके कवेलू बदलायला घरावर चढला आणि धाडकन खाली आला. पाय मोडला. पुढे हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, "आता चाला." पण गडी पाय जमिनीला टेकवेचना! "पाय गेला माहा," एवढंच धरून बसला. जॉबरचं काम दिवसभर उभ्यानं. साहेबांनी दिवाळीपर्यंत त्याची जागा राखली होती, पुढे दुसरा माणूस घेणार होते. घरात खाणारी पाच तोंडं. आम्हा सगळ्यांच्याच जिवाला घोर लागला होता.

*

मी टाइम ऑफिसातला, हजेऱ्या मांडणारा बाबू. वर्ध्याच्या स्टेशनवर मला मनाच्या शक्तीवरचं एक पुस्तक मिळालं. चिंतेनं शरीर बिघडतं आणि चांगल्या विचारानं सुधारतं, असं त्यात होतं. मला ते ताबडतोब पटलं. कारण साहेबांची घंटी वाजली की माझ्या पोटात मुरडा यायचाच. उपाय सोपा होता. रोज सकाळी आरशापुढे उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "मी ठणठणीत आहे!"

पहिल्याच दिवशी बायको चुलीपासून उठून आली. माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि शेजारणीला हाक मारली, "अवो बाई, या बरं जरा! यायले सकायपासून काईतरी होऊन राह्यलं!"

*

पुढे साहेब रजेवर गावी गेले. मी झणझणीत ठेचा खाल्ला, पाटोडीचा रस्सा ओरपला, पोटाची तक्रार म्हणून नाही. आरशाचा प्रताप! सगळ्या ऑफिसला मी तो ऐकवला. दोघातिघांना तर आरसे घ्यायला लावले.

साहेब परतले. घंटी वाजली. "ठणठणीत, ठणठणीत" म्हणत मी उठलो आणि साहेबांच्या खोलीकडे जाण्याऐवजी संडासाकडे पळालो!

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "औषध आहे हो बाबू. पण ते साहेबांना द्यावं लागेल!"

*

आजाऱ्याला पाहायला जायची आमच्या मंडळींची एक रीत होती. खाटेभोवती बसायचं आणि याच दुखण्यात आजवर कोण कोण गेलं, ते सविस्तर सांगायचं. आमच्या नामदेव फिटरला साधा ताप आला, तेव्हाही ही उजळणी सुरू झाली. मला राहवेना. मी पुस्तकाला स्मरून म्हणालो, "काय ताजा दिसून राह्यला रे नामदेव! चेहऱ्यावर निरं तेज आलं!"

नामदेव पांढराफटक पडला. बायकोला म्हणाला, "बाबू खोटं बोलून राह्यला. डॉक्टरनं याले नक्कीच काईतरी सांगतलं हाये. रोहण्याच्या बहिणीले बोलाव!"

बहीण रोहण्याहून आली ती वेशीपासूनच रडत. नामदेव चार दिवसांत कामावर आला, पण माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाही.

*

एवढं होऊनही माझी खोड गेली नाही. दिवाळी जवळ आली होती आणि सोनबाजी अजून खाटेवरच होता. गिरणी सुटली की मी सायकल हाणत नाचणगाव गाठायचो.

"म्हन, माहा पाय बरा हाये."

"पाय तुमचा हाये का माहा?"

"डोये मिट. मनात आन, का तू चालून राह्यला."

"डोये मिटले का झोप येते, बाबू."

मग मी पुस्तक वाचून दाखवायचो. एकदा संपलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतलं. त्याची बायको सखूबाई चहा ठेवायची, तोही दिवसेंदिवस पातळ होत चालला होता. एकदा सोनबाजी हात जोडून म्हणाला, "बाबू, एखांद्या दिवशी तुमी आराम करत जा न." स्वतः खाटेवर असून माझी केवढी काळजी! मला भरून आलं. दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास जास्त बसू लागलो.

खरं सांगतो, परतीच्या वाटेवर मला रडू यायचं. त्याच्या जागेवर कोण येणार, ही कुजबुज ऑफिसात सुरू झाली होती आणि माझ्या हातून तर काहीच होत नव्हतं.

एके दिवशी अंगणात सायकल लावली आणि बाहेरूनच ओरडलो, "सोनबाजी, आज दोन भाग वाचू!"

आत गेलो तर खाट रिकामी! सखूबाई चुलीपुढे तोंडाला पदर लावून बसली होती. रडते की हसते, कळेना.

"वहिनी, सोनबाजी कुठं हाये? कोनं उचलून नेलं त्याले?"

"कोन कायले नेते जी? तुमचा आवाज आयकला, अन् मांगच्या दारानं पयाले!"