नव्वद दिवसांचं उत्तर

उत्तरकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बायकोसुद्धा लोकांसमोर "आमचे उत्तरकाका" म्हणायची, आणि ते तिरकसपणेच म्हणायची. का म्हणू नये? आभाळ निळं का दिसतं हे अख्ख्या शहराला तीन ओळींत समजावणारा माणूस, आणि घरात "दूध आणलंत का?" एवढं विचारलं की मुखस्तंभ!

आयुष्यभर शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुतल्या, आणि निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत वाचकांच्या शंकांना उत्तरं द्यायला बसले. अकरा वर्षं झाली. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं, एकाची जांभई दुसऱ्याला का लागते, अमुक शब्द आपला की बाहेरून आलेला, घरमालक पाणी तोडू शकतो का. लोक वाट्टेल ते विचारत, आणि फिरून फिरून तेच विचारत. म्हणून काका प्रत्येक उत्तर जाड कार्डावर लिहून ठेवत, प्रश्न पुन्हा आला की कार्ड काढत आणि उतरवत. विज्ञानाचा आणि भाषेचा खण त्यांचा स्वतःचा. कायद्याचा खण मात्र त्यांच्या वकीलमित्राचा. तो होता तोवर दर सहा महिन्यांनी यायचा, चहा प्यायचा, शिळी कार्डं फाडायचा आणि ताजी लिहून ठेवायचा. तो गेला त्याला तीन वर्षं झाली. काका त्याच कार्डांवर गाडी हाकत राहिले. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणाऱ्यानं निदान ओंजळीत पाणी आहे का, एवढं तरी बघावं की नाही?

त्यांचा आणखी एक नियम होता. पूर्वी एकदा एक नवरा कचेरीत येऊन बायकोचं अक्षर शोधत बसला होता. तेव्हापासून पत्र आलं की काका तळाची नाव-पत्त्याची पट्टी कात्रीनं कापत आणि तिचे बारीक तुकडे करून टाकत. कोणाचं दुःख कोणाच्या हाती लागू नये म्हणून. नियम चांगलाच होता हो!

बुधवारी सकाळी फोन आला. कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसणारी टायपिस्टबाई होती. काकांचं सदर ती नेमानं वाचायची.

"काका, रागावू नका. मुलाच्या ताब्याच्या अपिलाला तुम्ही नव्वद दिवस लिहिलेत. जुनी पुरवणी आत्ता हातात आली माझ्या. अहो, दोन वर्षांपूर्वी बदललं ते. आता तीसच दिवस."

काकांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी धडपडत फाईल काढली. पत्र होतं, खालची पट्टी कापलेलं.

"माझी बहीण बाळंतपणात गेली. तिची मुलगी मी सहा वर्षं वाढवली. काल कोर्टानं तिला बापाकडे द्यायचं ठरवलं. त्यानं तिला आजवर दोनदा पाहिलं आहे. मुदतीत वरच्या कोर्टात गेले नाही तर तो तिला घेऊन जाईल. किती दिवस असतात? मी शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासते, सारखी रजा मिळत नाही."

आणि त्याखाली काकांचं छापलेलं उत्तर चिकटवलेलं. "घाबरू नका. नव्वद दिवस असतात. सावकाश कागद जमवा."

सावकाश! काकांनी तो शब्द वाचला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्यांना. पत्रावरच्या तारखेपासून बोटांवर मोजलं. निकालाचा आज सत्ताविसावा दिवस. शनिवारी तिसावा.

"पत्ता?" बायकोनं विचारलं.

"फाडला."

"आपल्याच हातांनी," ती म्हणाली. नवऱ्याचा चेहरा पाहून तिच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

काका तडक संपादकाकडे गेले. उद्याच्या अंकात चूक छापा म्हणाले. संपादक वयानं लहान, पण खुर्चीनं मोठा.

"रविवारी घेऊ ना. तुमच्याच सदरात, खाली दोन ओळी."

"रविवारी उशीर झालेला असेल हो!"

"मग काय पहिल्या पानावर छापू, आम्ही चुकलो म्हणून? उद्या दहा जण उभे राहतील दारात. काका, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?"

"एका पोरीचं आयुष्य आहे."

"तिनं वकिलाला विचारायचं होतं," संपादक म्हणाला आणि फोन उचलला.

काका बाहेर जिन्यात बसले. म्हातारा माणूस, गुडघे धरून घळाघळा रडला. मग घरी आले, तर बायकोनं शहरातल्या शाळांची यादी काढून ठेवलेली. "रडताय काय? बूट घाला. मी फोन करते, तुम्ही फिरा."

फोनवर तिची वेगळीच शोभा. "कोण पाहिजे?" "भांडी घासणाऱ्या बाई." "नाव?" "माहीत नाही." "मग बोलावू कोणाला?" धाड! फोन बंद. चौथ्या शाळेनं तर, भांडी चोरीला गेली आहेत का, असंही विचारलं.

काका गुरुवारी सात शाळा फिरले. शुक्रवारी नऊ. पहारेकरी फाटकावर अडवत, काका हात जोडत. बहिणीची मुलगी सांभाळणारी कोणी आहे का इथे? नाही. इथे? नाही. एका शाळेत एक बाई आशेनं पुढे आली, पण तिची स्वतःची चार होती. शुक्रवारी संध्याकाळी काकांचा गुडघा सुजून भोपळा झाला. बायकोनं शेकायला घेतला, तर म्हणाले, "ठणकू दे. चांगलाच ठणकू दे."

शनिवारी अकरा वाजता, गावाबाहेरच्या कारखान्याजवळच्या शाळेत, स्वयंपाकघराच्या मागच्या दारात एक बाई मोठं पातेलं उपडं घालून राखेनं घासत होती. काकांनी आपण कोण ते सांगून विचारलं. तिचे हात थांबले.

"उत्तरकाका? तुम्ही?" तिनं घाईनं पदराला हात पुसले. चेहरा उजळला. "तुमचं कात्रण देवासमोर ठेवलंय मी. तुम्ही लिहिलंत आणि त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली बघा मला."

मारलं असतं तर बरं झालं असतं. काकांनी भिंतीला धरून सगळं सांगितलं. ती उठली. मग पातेलं तसंच टाकून, कोणाला न विचारता, अनवाणी पळत सुटली. काका लंगडत मागे.

वाटेत घरी थांबून तिनं खटल्याचे कागद उचलले. पुन्हा रिक्षात बसल्यावर म्हणाली, "शाळेतून आली की ती आधी माझ्या हातांचा वास घेते. राखेचा."

शनिवारी कोर्ट एक वाजता बंद. साडेबाराला ते खिडकीशी पोचले. कारकुनानं कागद उलटसुलट केले. "निकालाची शिक्क्याची नक्कल कुठाय?"

"ती पुढच्या महिन्यात काढणार होते. वेळ आहे म्हणून..."

"तिच्याशिवाय अपील घेता येत नाही बाई. नक्कल मिळायला चार दिवस."

काकांनी गयावया केली, वेळ पडली तर पाय धरतो म्हणाले. कारकून वाईट नव्हता. त्याच्याही हातात काही नव्हतं. "उशीर माफ करा असा अर्ज द्या सोमवारी. पण कारण लागेल, आणि ते शपथेवर सांगणारा माणूस लागेल." एक वाजला आणि खिडकी बंद झाली.

फाटकाबाहेर टायपिस्टबाईनं कागद चढवला. काका उभ्यानंच सांगू लागले, ती टंकत गेली. मी अमुक, राहणार अमुक. या बाईला मी चुकीची मुदत सांगितली. मला कायद्याचं ज्ञान नाही. तीन वर्षं मी मेलेल्या मित्राची कार्डं उतरवत आलो. या उशिरात या बाईचा काडीचा दोष नाही. टायपिस्टबाई थांबली. "काका, हे दिलंत की सदर गेलं. पेपरवाले हात झटकतील, खटला तुमच्यावर होईल."

"टंका."

त्यांनी सही केली. बाईनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला. तिला नीट वाचता येत होतं, पण डोळ्यांपुढे अक्षरं ठरत नव्हती. सोमवारी सकाळी बाप येणार होता, पोरीची बॅग भरून ठेवा असा निरोपही कालच आला होता; नव्वद दिवस आहेत म्हणून तिनं तो मनावर घेतला नव्हता.

"यानं राहील का हो ती माझ्याकडे?" तिनं विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. घाबरू नका, असं ओठांवर आलंच होतं. ते त्यांनी गिळलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

तिनं कागदाची घडी घातली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत.

"मग तेव्हाही एवढंच लिहायचं होतंत ना काका," ती म्हणाली. "मी त्याच दिवशी वकिलाकडे पळाले असते."