शनिवारचं दळण

मेणबत्ती विझल्याचा वास आला की नगरच्या गल्लीतल्या, आमच्या पिठाच्या गिरणीशेजारच्या आजी आठवतात. शुक्रवारी तिन्हीसांजेला त्या मेणबत्त्या लावायच्या, म्हणून त्या ख्रिश्चनच, असं आम्ही धरून चाललेलो. त्यांना त्रास नको म्हणून वडील रविवारी गिरणी बंद ठेवायचे आणि रविवारचंही दळण शनिवारीच उरकायचे. आजींच्या भिंती दिवसभर थरथरायच्या. एका शनिवारी वीज गेली, पट्टा थांबला, तशा आजी दारात आल्या. “आज खरा विसावा मिळाला. आम्ही ज्यू, आमचा शनिवार असतो.” वडील ओशाळले. “मावशी, इतकी वर्सं बोलला का न्हाई?” “तुम्ही माझ्यासाठी रविवार पाळत होता. कोणत्या तोंडानं सांगणार?” आजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शनिवारी कुणी डबा घेऊन आलं, की मी अजूनही म्हणतो, “उद्या या.”