तानाबाईचं बिननावाचं मडकं

तानाबाई तायडे गॅसचं सिलिंडर घरात घेते तेव्हा आधी सील बघते आणि मग ते आणणाऱ्याचं तोंड बघते. सीलपेक्षा तोंडाला वेळ जास्त लागतो. एसटीत चढण्याआधी ती पाटी वाचते, मग कंडक्टरला विचारते, आणि कंडक्टरचा काय भरवसा म्हणून खिडकीतल्या बाईलाही विचारते. एकदा जेवताना जावयाने वांग्याच्या भाजीचं कौतुक केलं, तर हातातली पोळी तशीच धरून तिने विचारलं, "काय पाह्यजे तुमाले?" तो बिचारा आता मुकाट्याने जेवतो.

वडनेर भोलजीत तिचं आणि आमचं घर एकाच भिंतीला लागून आहे. मी संघपाल. बसस्टँडवर माझं झेरॉक्सचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे, आणि मी या बाईच्या संशयाखालीच लहानाचा मोठा झालो. तिच्या अंगणातली कैरी कुणीही तोडली तरी ती आधी माझे हात हुंगायची. कित्येकदा कैरी मी तोडलेली नसायची, तेव्हा फार राग यायचा. पण तिचा संशय वाऱ्यावरचा नाही, हेही सांगितलं पाहिजे. तरुणपणी ती लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची, तेव्हा तिला पाणी पाजायचे ते वरून, ओंजळीत ओतून. त्याची ती गाऱ्हाणी सांगत बसत नाही. "म्या पाह्यलं हाय," एवढंच म्हणते आणि दुसरं काहीतरी बोलायला लागते.

आमच्या गावचा आंबील मेळा बचत गटाच्या बायकांनी सुरू केला. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवायचं, शिजवून निववायचं, त्यात लसूण, जिरं, मिरची घालायची आणि भर उन्हाळ्यात गार प्यायची, ती आंबील. ती घरोघर होते आणि घरोघर वेगळी लागते. मेळ्याच्या दिवशी सगळी मडकी जुन्या बाजारातल्या दगडी ओट्यावर यायची. ओटा इतका अरुंद की मडक्याला मडकं खेटायचं, नावाची पाटी लावायची कुठे? त्यातूनच एक रीत पडली. बायांनी सकाळी आपलं मडकं ठेवून बाजूला व्हायचं, वाढायचं दुसऱ्याच बायांनी, आणि कुणाचं मडकं ते पिणाऱ्याने विचारायचं नाही. जे आधी रिकामं होईल ते त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं, बस. बक्षीस वगैरे काही नाही.

दरवर्षी आधी रिकामं व्हायचं ते तानाबाईचं. भाजलेल्या लसणाचा तो वास मला भिंतीपलीकडून ओळखीचा, त्यात मी चुकणार नाही. पण मडकं न्यायला ती जायची ती सगळे गेल्यावर, दिवेलागणीला. अख्खं गाव तिच्या हातचं मिटक्या मारत पितं आणि गावाला त्याचा पत्ता नाही, याचं तिला जे सुख होतं ते मी दुसऱ्या कशात पाहिलं नाही. घरी येऊन ती रिकाम्या मडक्यात डोकावायची आणि एकटीच हसायची.

मग कुणीतरी मोबाइलवर मेळ्याचा व्हिडिओ टाकला. नांदुरा, मलकापूर, खामगावहून मोटारसायकली यायला लागल्या. गेल्या उन्हाळ्यात तर अशी रेटारेटी झाली की ओट्यावरची निम्मी मडकी खाली आली आणि आंबील नालीला लागली. तेव्हा मेळ्याच्या समितीचे अध्यक्ष माणिकराव यांनी यंदा सगळ्यांना बोलावलं आणि मेळा हायवेलगतच्या, शाळेमागच्या मैदानावर न्यायचं सुचवलं. मांडव टाकू, गाड्यांना जागा होईल, प्रत्येक घराला वेगळा स्टॉल देऊ आणि स्टॉलवर ज्याच्या त्याच्या नावाची पाटी लावू, असं ते म्हणाले. पाटी म्हटल्याबरोबर तानाबाईने माझ्याकडे पाहिलं. माझं फ्लेक्सचं दुकान आहे ना!

"पाट्या काऊन?" तिने माणिकरावांना विचारलं.

"नाव होईल न, काकू. लोकाईले समजलं पाह्यजे, कोनाची आंबील हाय ते."

"समजून काय करतीन लोक?"

माणिकराव नुसते हसले. तानाबाई माझ्या कानाशी लागली. "ह्याच्या घरचं कोनी आपल्या वस्तीत घोटभर पानी तरी पेलं हाय का बे? पाटी वाचून कोन थांबते अन् कोन पुढं जाते, ते पाहाचं हाय ह्याले." मला हे अतीच वाटलं. नाली काही जात पाहून आंबील पीत नव्हती, मोठी जागा हवीच होती. तिला मी तसं म्हणालोसुद्धा. तिने कैरीचोराकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि ती उभी राहिली.

"मैदान घ्या. पाट्या नाई."

"चालते," माणिकराव लगेच म्हणाले.

झालं! इतक्या पटकन हो म्हटल्यावर तर तिची खात्रीच पटली की यात काहीतरी काळंबेरं आहे. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्याच शेजारून तिची सून मंजुश्री उठली. मंजुश्री नांदुऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे, सहसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती म्हणाली, "मले पाटी पाह्यजे. आमच्या मडक्यावर, आईच्या नावाची." शेवटी ठरलं, ज्याला हवी त्याने पाटी लावावी.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडचं सगळं मला ऐकू आलं. तानाबाई म्हणत होती की सुनेला कुणीतरी फितवलं. मंजुश्री म्हणाली, "आई, तुमचं मडकं दरसाल पयलं रिकामं होते. कोनाले माहीत हाय?"

"तेच तं बरं हाय."

"मले नाई बरं वाटत. चोरावानी मडकं आनता तुमी घरी."

"अन् पाटी वाचून कोनी थांबलंच नाई तं?"

यावर मंजुश्री म्हणाली, "तं तेही सगळ्याईले दिसन."

सासूने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पाटी मी केली, पैसे घेतले नाहीत. तरी तिने विचारलंच, "फुकट काऊन?"

मेळ्याच्या दिवशी स्टॉलांच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्यात आम्हाला फाटकापासून सगळ्यात लांबचा कोपरा आला. चिठ्ठ्या कुणी घडी केल्या, याची तानाबाईने चौकशी केली. "तानाबाई तायडे यांची आंबील" या पाटीखाली ती ताठ बसली होती आणि मंजुश्री वाढत होती. खामगावची पोरं आली, पिऊन वाहवा करून गेली. "परगावचे हायेत, त्याईले काय माहीत," तानाबाई म्हणाली. आमच्या वस्तीतले आले, ते घरचेच. शाळेतली लेकरं आली, तर म्हणे लेकरं कुठंही पेतात. ती वाट पाहत होती ती गावाची. आणि गाव समोरून जात होतं. "येतो, काकू," म्हणत होतं, हात जोडत होतं आणि पुढच्या स्टॉलवर थांबत होतं. दुपार झाली तरी मडकं अर्धं भरलेलं. एव्हाना ओट्यावर ते पालथं पडलेलं असायचं. मला माझ्याच फ्लेक्सची चीड आली. मंजुश्रीचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि तानाबाई तिला एका शब्दाने बोलत नव्हती, ते आणखी वाईट.

तेवढ्यात सत्यभामाबाई आल्या. या माणिकरावांच्या आई. खांद्याला कापडी पिशवी, दोन-तीन स्टॉलवर थांबत, पीत, बोलत त्या आमच्या कोपऱ्यापर्यंत पोचल्या. पाटी वाचली, पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि मंजुश्रीपुढे धरली. "भरून दे वं पोरी. घरी नेतो."

मंजुश्रीने ओगराळं उचललं. तानाबाईने तिचा हात धरला.

"घरी काऊन? बाकीच्या मडक्यातली तं इथंच पेल्या तुमी. म्या पाह्यलं हाय."

"अवं, पन..."

"इथंच प्या, सत्यभामाबाई. सगळ्याईसमोर."

आजूबाजूच्या स्टॉलवरचे वळून बघायला लागले. मांडवातून माणिकराव बघत होते. सत्यभामाबाईंनी बाटली टेबलावर ठेवली, ग्लास मागून घेतला आणि उभ्या उभ्या प्याल्या. तानाबाई त्यांच्या गळ्याकडे टक लावून होती, घोट खरंच खाली उतरतो की नाही ते बघत. त्यांनी ग्लास पुन्हा पुढे केला. दुसराही संपवला, पदराने तोंड पुसलं.

"आता तं भर बाटली," त्या म्हणाल्या. "आमचे मालक खाटेवर हायेत, त्याईले चालता येत नाई. दरसाल ह्याच मडक्यातली नेतो मी. दुसरी देली तं तोंड फिरवतात."

"ह्याच मडक्यातली?" तानाबाई उठून उभी राहिली. "तुमाले काय माहीत, कोनतं मडकं ते?"

"एक साल वाढाले होती मी, अन् ओगराळं विसरलती ओट्यावर. घ्याले आली सांजच्याले, तं तू मडकं घेऊन जाऊन राह्यली होती. तवापासून माहीत हाय मले."

तानाबाईकडे इतकी वर्षं एकच गुपित होतं, तेही तिचं एकटीचं नव्हतं. ती पाटीचा बांबू धरून उभी होती. मला वाटलं, आता रडेल. ती अगदी हळू म्हणाली, "माहीत होतं, तं एकडाव तरी नाव काऊन नाई घेतलं?"

सत्यभामाबाईंनी ग्लासात पाहिलं. ग्लास रिकामा होता.

मंजुश्रीने बाटली गळ्यापर्यंत भरली. ग्लासांवर चिकटवायला मी नावाचे स्टिकर छापले होते, त्यातला एक काढून तिने बाटलीवर लावला आणि अंगठ्याने दाबून बसवला. तानाबाई तायडे, वडनेर भोलजी. सत्यभामाबाईंनी तो वाचला आणि बाटली उचलली.

जुन्या बाजारात असत्या तर त्या लगेच गल्लीत दिसेनाशा झाल्या असत्या. इथे आमच्या कोपऱ्यापासून फाटकापर्यंत अख्खं मैदान चालायचं होतं, दोन्ही बाजूंना सगळं गाव. पिशवी खांद्यालाच होती, रिकामी, तोंड उघडं. तानाबाई डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत होती. बाटली पिशवीत गेली नाही. मांडवाजवळ माणिकरावांनी आईला काहीतरी विचारलं, तर त्यांनी बाटली वर करून त्यांना दाखवली आणि चालत राहिल्या. फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती त्यांच्या हातात होती.

मी म्हणालो, "पाह्यलं न, काकू? आता तरी बसा."

"फाटकापर्यंत पाह्यलं," तानाबाई म्हणाली. "फाटकाच्या पल्याड नाई दिसत मले."